नव्या घट्ट खिडक्या, थंड भिंत आणि बुरशी : हिवाळ्यात ऊब न घालवता घरात हवा खेळती कशी ठेवावी?

ओसरी

आम्ही जर्मनीत न्युर्नबर्ग येथे १९५०च्या दशकात बांधलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. घर सुमारे ६० चौरस मीटरचे असून छत अडीच मीटर उंच आहे आणि बाहेरच्या भिंतींना उष्णतारोधक थर नाही. उन्हाळ्यात घरमालकांनी जुन्या लाकडी खिडक्या काढून त्या जागी रबराच्या पट्ट्या असलेल्या, दुहेरी काचेच्या नव्या खिडक्या बसवल्या. त्यामुळे फटींतून येणारा वारा पूर्ण थांबला. परंतु नोव्हेंबर सरता सरता शयनगृहाच्या उत्तरेकडील कोपऱ्यात, कपाटाच्या मागे, जमिनीलगत काळे ठिपके दिसू लागले. आता ते तळहाताएवढ्या भागात पसरले आहेत आणि कपाट उघडले की कपड्यांना कुबट वास येतो.

घरमालकांचे म्हणणे असे की, भिंतीत काही दोष नाही, तुम्ही खिडक्या उघडत नाही म्हणून हे झाले. दिवसातून तीन-चार वेळा सगळ्या खिडक्या सताड उघडा. इकडे घरात सात महिन्यांचे बाळ आहे आणि साताऱ्याहून सासूबाई आलेल्या आहेत. बाहेर शून्य अंश असताना खिडक्या उघडल्या तर बाळाला गार वारा बाधेल, ही त्यांची काळजी मला अवाजवी वाटत नाही. म्हणून सध्या शयनगृहाची खिडकी दिवसभर वरून थोडी कललेली असते आणि तिच्याखालचा रेडिएटर चालू असतो. तरीही सकाळी आर्द्रतामापक ६८ ते ७२ टक्के दाखवतो आणि काचेच्या खालच्या कडेला पाण्याची रेघ साचलेली असते. कपडे वाळवायला बाल्कनी नाही, त्यामुळे दोरी बैठकीच्या खोलीतच बांधलेली आहे.

जाणकारांनी कृपया सांगावे : बाहेर धुके किंवा पाऊस असताना खिडकी उघडली तर घरातील ओल उलट वाढणार नाही का? दर वेळी सगळी गरम हवा बाहेर गेल्याने गॅसचे बिल किती वाढेल? आणि हवा बदलणारे एखादे यंत्र बसवून हा प्रश्न कायमचा सुटेल का?

वातायन

मी इमारतींच्या उष्णतेच्या हिशेबाचेच काम करतो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

धुक्याची शंका कोकणात किंवा मुंबईत वाढलेल्या प्रत्येकाला येते, कारण आपल्याकडे पावसाळ्यात खिडकी उघडी राहिली की गाद्या, पापड, पुस्तके सगळेच सादळते. तिथे बाहेरची हवा उबदार असते आणि तिच्यात भरपूर पाणी मावते. थंड हवेत मात्र पाणी फारसे मावतच नाही. २० अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम बाष्प राहू शकते, ५ अंशांना सुमारे ७ ग्रॅम आणि शून्य अंशांना ५ ग्रॅमही नाही. म्हणजे बाहेर ५ अंश तापमान असून दाट धुके पडलेले असले, आर्द्रता शंभर टक्के असली, तरी ती हवा घरात येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे मावू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्ष असलेल्या बाष्पाचे प्रमाण, ४० टक्क्यांच्या खाली उतरते. म्हणून हिवाळ्यात बाहेर पाऊस असो वा धुके, खिडकी उघडल्याने घर कोरडेच होते. आत पाऊस येत नाही एवढे पाहावे.

आता बिलाचा हिशेब. तुमच्या घरात साधारण १५० घनमीटर हवा आहे. बाहेर शून्य अंश असताना ती सर्व एकदा बदलून पुन्हा २० अंशांपर्यंत तापवायला सुमारे १ किलोवॅट-तास, म्हणजे एक युनिट ऊर्जा लागते. दिवसातून चारदा केले तर चार युनिट. गॅसच्या दराने अर्ध्या युरोच्या आसपास. याउलट कललेल्या खिडकीतून तासाला घरातील हवा एकदाच बदलते असे धरले, तरी दिवसाला २४ युनिट बाहेर जातात. शिवाय त्या खिडकीच्या वरची आणि बाजूची भिंत दिवसभर गार वाऱ्यात राहते आणि तिथेच पुढची बुरशी धरते. त्यामुळे कललेली खिडकी आजच बंद करावी, असा माझा आग्रह आहे.

ऊब हवेत फार थोडी असते. ती भिंती, फरशी, छत आणि सामानसुमानात साठलेली असते. पाच मिनिटे समोरासमोरच्या खिडक्या पूर्ण उघडल्या तर हवा बदलते, पण भिंतींना थंड व्हायला तेवढा वेळ पुरत नाही. खिडक्या लावल्या की त्याच भिंती नव्या हवेला काही मिनिटांत तापवतात. तीच खिडकी तासभर किंचित उघडी ठेवली तर हवा जेमतेम बदलते आणि भिंत मात्र थंडावते. म्हणून थोडा वेळ, पण पूर्ण उघडणे हेच खरे. कडाक्याच्या थंडीत पाच मिनिटे पुरतात, कारण आतल्या-बाहेरच्या तापमानातील फरकच हवेला ढकलतो. नोव्हेंबर किंवा मार्चमध्ये, विशेषतः वारा पडलेला असेल तर, दहा-पंधरा मिनिटे लागतात.

कोपऱ्यातच बुरशी का, याचेही उत्तर द्यायला हवे, कारण घरमालकांचे म्हणणे अर्धेच बरोबर आहे. फ्रिजमधून काढलेल्या पाण्याच्या पेल्यावर बाहेरून थेंब जमतात, तसेच या भिंतीचे होते. फरक इतकाच की बुरशीला थेंबांचीही गरज नसते. भिंतीला लागून असलेल्या हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर काही दिवस टिकली तरी तिला पुरते. खोलीत २० अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल, तर भिंतीचा पृष्ठभाग १२.६ अंशांपर्यंत थंड झाला तरी चालते. जर्मन प्रमाणक डीआयएन ४१०८ मध्ये हाच आकडा आधाराला घेतला आहे. पण आर्द्रता ७० टक्के झाली की हीच मर्यादा १८ अंशांच्या आसपास जाते, आणि बाहेर शून्य अंश असताना तुमच्या इमारतीचा उत्तरेकडील कोपरा १८ अंशांवर राहणे अशक्य आहे. त्यात भिंतीपुढे कपाट असेल तर खोलीची ऊब त्या भिंतीपर्यंत पोहोचतच नाही आणि तिथले तापमान सहज १० ते १२ अंशांवर येते.

पूर्वी हे का झाले नाही? जुन्या खिडक्यांच्या फटींतून हवा आपोआप बदलत होती आणि त्यांची काच ही घरातील सर्वांत थंड जागा होती, त्यामुळे पाणी आधी काचेवर जमायचे आणि तुम्ही ते पुसून टाकत होतात. नवी काच भिंतीच्या कोपऱ्यापेक्षा उबदार आहे, फटी बुजल्या आहेत, आणि आता सर्वांत थंड जागा कपाटाच्या मागे, डोळ्यांआड आहे. भिंतींना उष्णतारोधक थर न देता केवळ खिडक्या बदलल्या की हे घडणार हे बांधकाम क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. डीआयएन १९४६-६ या प्रमाणकानुसार अशा इमारतीतील एक तृतीयांशाहून अधिक खिडक्या बदलताना हवा खेळती राहण्याची योजना आखणे अपेक्षित आहे. घरमालकांना उत्तर लिहिताना, अशी योजना केली होती का, हे नम्रपणे विचारावे.

कपाट तेवढे आधी हलवा. शक्य असल्यास आतल्या भिंतीला लावा, नाहीतर बाहेरच्या भिंतीपासून किमान दहा सेंटिमीटर अंतर ठेवा आणि खालूनही हवा जाईल असे पाय लावा. तळहाताएवढ्या बुरशीसाठी ७० ते ८० टक्क्यांच्या अल्कोहोलने, हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून आणि जवळ कोणतीही ज्योत नसताना ती जागा पुसावी. व्हिनेगर वापरू नये. चुनायुक्त गिलाव्यावर त्याचा उपयोग होत नाही. पुसताना बाळाला त्या खोलीत ठेवू नये. पुसण्याआधी फोटो मात्र काढून ठेवा.

पारिजातक

ओसरीताई, वर दिलेला हिशेब अगदी योग्य आहे. मी केवळ घर सांभाळणाऱ्या बाईच्या बाजूने लिहिते, कारण पाच मिनिटे खिडक्या उघडा हे म्हणायला सोपे असले तरी तान्ह्या बाळाच्या घरात ते बसवावे लागते.

बाळाला गार वाऱ्याच्या झोतात ठेवायचे नाही हे सासूबाईंचे म्हणणे मान्य करूनच सुरुवात करावी. सकाळी उठल्याबरोबर बाळाला घेऊन त्यांना बैठकीच्या खोलीत बसू द्या, ते दार लावा आणि शयनगृह व स्वयंपाकघराच्या खिडक्या एकदमच उघडा, म्हणजे हवा आरपार जाईल. पाच मिनिटांनी खिडक्या बंद करून खोली थोडी तापली की दोघांना तिकडे न्या आणि मग बैठकीची खोली उघडा. आमच्याकडे आईला हे पटायला आर्द्रतामापकाचा फार उपयोग झाला. खिडकी उघडण्याआधी ६९ आणि बंद करून खोली तापल्यावर ४८ हे आकडे तिने स्वतः पाहिले, तेव्हापासून ती आठवण करून देऊ लागली. यंत्र बाहेरच्या भिंतीजवळ, पण खिडकीपासून दूर ठेवा.

खिडकी उघडण्याआधी रेडिएटरची कळ बंद करायला विसरू नका. तो थर्मोस्टॅट आपल्या आजूबाजूची हवाच मोजतो. गार झोत लागला की त्याला वाटते की खोली गारठली आहे आणि तो पूर्ण उघडतो. खिडकी लावल्यावर कळ पुन्हा नेहमीच्या आकड्यावर आणावी. शयनगृह दिवसभर बंद ठेवून रात्री बैठकीच्या खोलीची ऊब दार उघडून आत घेण्याची पद्धत मात्र टाळा, कारण ती हवा आपल्याबरोबर स्वयंपाकाचे आणि कपड्यांचे बाष्प घेऊन येते आणि ते त्या थंड कोपऱ्यात उतरते. त्यापेक्षा शयनगृहाचा रेडिएटर मंद, पण सतत चालू ठेवून खोली १८ अंशांच्या आसपास राखावी. बाळाच्या झोपेलाही तेवढे तापमान चांगले असते.

रात्रीविषयी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. दोन मोठी माणसे रात्रभर झोपली तर श्वासातून आणि घामातून अर्धा लिटरहून अधिक पाणी हवेत जाते. १२ चौरस मीटरच्या बंद खोलीत एवढे बाष्प मावतच नाही, मग ते गादीत, गिलाव्यात आणि काचेवर जाते. म्हणूनच झोपण्यापूर्वी एकदा आणि उठल्याबरोबर एकदा, या दोन वेळा कधीही चुकवू नयेत. पांघरुणे उठल्याबरोबर घडी घालून ठेवू नका. खिडकी उघडी असेपर्यंत ती पसरलेली राहू द्या.

आता आपला स्वयंपाक. डाळ-भाताचा कुकर, चहाची उकळी, पोळ्यांचा तवा, संध्याकाळची फोडणी यांची वाफ जर्मन घराच्या मानाने आपल्याकडे पुष्कळ असते. कुकरची वाफ सुटेपर्यंत स्वयंपाकघराचे दार बंद ठेवा आणि झाल्याबरोबर खिडकी उघडून वाफ थेट बाहेर जाऊ द्या. ती घरभर पसरल्यावर काढणे कठीण जाते. अंघोळीनंतरही तेच. भाड्याच्या घरांतील पुष्कळ चिमण्या, म्हणजे शेगडीवरचे वाफ ओढणारे पंखे, हवा जाळीतून गाळून पुन्हा खोलीतच सोडतात. त्यांनी तेल आणि वास कमी होतो, पाणी मात्र जसेच्या तसे राहते. तुमची कोणती आहे ते पाहा.

कपड्यांचा प्रश्न मला सर्वांत मोठा वाटतो. यंत्राने पिळलेल्या एका धुण्यातही दोन लिटरच्या आसपास पाणी असते आणि बाळाच्या घरात धुणे रोजचेच. जर्मनीत अशा पुष्कळ इमारतींच्या तळघरात किंवा माळ्यावर धुणे वाळवायची सामाईक खोली असते. घरमालकांना तिची किल्ली मागा. ती नसेल, तर कपडे अधिक वेगाने पिळून घ्या आणि एकाच खोलीत दोरी बांधून तिचे दार बंद ठेवा. शयनगृहात मात्र एकही ओला रुमाल नको.

कृष्णाकाठ

मी कॅनडात कॅल्गरी येथे राहतो. आमच्याकडील थंडी वेगळ्या जातीची आहे, म्हणून यंत्राविषयीच्या प्रश्नापुरते लिहितो.

येथील नव्या घरांत उष्णता परत मिळवणारे वायुवीजन यंत्र असते. आतली उबदार, दूषित हवा आणि बाहेरची थंड, ताजी हवा पातळ पत्र्यांच्या किंवा प्लास्टिकच्या पडद्यांच्या दोन बाजूंनी, एकमेकींत न मिसळता वाहतात. जाणारी हवा आपली ऊब पडद्याला देते आणि येणारी हवा ती घेते, त्यामुळे खिडकी न उघडता चोवीस तास हवा बदलते आणि बरीचशी उष्णता घरातच राहते. कॅनडात रिजायना शहरात १९७७ मध्ये बांधलेल्या प्रायोगिक घरात असे यंत्र बसवले होते, आणि पुढे जर्मनीत डार्मश्टाट येथे १९९१ मध्ये उभ्या राहिलेल्या पहिल्या पॅसिव्ह घराचाही, म्हणजे अगदी थोड्या ऊर्जेत उबदार राहणाऱ्या घराचाही, हे यंत्र अविभाज्य भाग होते. पण या यंत्राला घरभर हवेचे नळ फिरवावे लागतात, ते जुन्या भाड्याच्या घरात होणार नाही.

तुमच्यासारख्या घराला लहान, भिंतीत बसणारी यंत्रे उपयोगी पडू शकतात. त्यांत एक सिरॅमिकचा ठोकळा असतो. पंखा सुमारे मिनिटभर हवा बाहेर ढकलतो तेव्हा ठोकळा तापतो, मग पंखा उलटा फिरून बाहेरची हवा त्याच ठोकळ्यातून तापवून आत घेतो. अशी दोन यंत्रे जोडीने, एक आत आणि एक बाहेर अशा पाळीने चालवतात. त्यासाठी बाहेरच्या भिंतीला आरपार भोक पाडावे लागते, म्हणजे घरमालकांची लेखी परवानगी आणि खर्च कोणी करायचा याचा निर्णय आधी हवा. खिडक्यांमुळे प्रश्न उद्भवला असेल तर हा खर्च त्यांनीच करावा, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

एक सावधगिरी : कोरडेपणाच्या मागे अति लागू नका. आमच्याकडे उणे २५ अंशांना बाहेरच्या एका घनमीटर हवेत जेमतेम अर्धा ग्रॅम पाणी असते. अशा दिवसांत हवा फार बदलली तर घसा सुकतो, नाकातून रक्त येते, लाकडी जमिनीला भेगा पडतात. न्युर्नबर्गला एवढी वेळ क्वचितच येईल, पण तुमचा आर्द्रतामापक ४० टक्क्यांच्या खाली राहू लागला तर खिडक्या उघडण्याच्या वेळा कमी करा.

ओसरी

सर्वांचे मनापासून आभार. कपाट आतल्या भिंतीला हलवले आहे आणि सासूबाईंना आकड्यांची पद्धत पटली आहे. चिमणी तपासली, ती हवा पुन्हा खोलीतच सोडणारी आहे. म्हणून यजमानांच्या मनात असे आहे की बाहेर हवा फेकणारी शक्तिमान चिमणी घेऊन तिचा नळ भिंतीतून काढावा. दुसरे असे की, न्हाणीघरात गॅसचा बॉयलर आहे, त्यावरच गरम पाणी आणि रेडिएटर चालतात. तेथील दाराच्या खालच्या बाजूला एक जाळी आहे आणि तिच्यातून गार हवा येते. बाळाच्या अंघोळीपुरती ती जाळी बंद केली तर चालेल का?

वातायन

दोन्ही गोष्टी करू नका, आणि हे वाचल्यावर आज लगेच बॉयलरची चौकशी करा.

काही बॉयलर ज्वलनासाठी लागणारी हवा दुहेरी नळीतून थेट बाहेरून घेतात. त्यांची चिंता नसते. पण दाराला जाळी ठेवलेली आहे याचा अर्थ तुमचा बॉयलर बहुधा घरातील हवेवर जळणारा आहे आणि ती जाळी त्याला हवा मिळावी म्हणूनच आहे. ती बुजवली तर गॅस अपुऱ्या हवेत जळेल आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होईल. त्याला रंग नसतो, वास नसतो आणि माणसाला काही कळायच्या आत शुद्ध हरपते. महाराष्ट्रात बंद न्हाणीघरातील गॅस गीझरने ज्या दुर्घटना होतात, त्यांचे कारण हेच असते.

बाहेर हवा फेकणारी चिमणी तर याहून धोकादायक ठरू शकते. नव्या खिडक्यांमुळे घर आधीच घट्ट झाले आहे. त्यात चिमणी तासाला शेकडो घनमीटर हवा बाहेर ओढू लागली आणि खिडकी बंद असली, तर घराला हवा मिळायला एकच मोकळी वाट उरते, ती म्हणजे बॉयलरचे धुराडे. जो धूर वर जायचा तो उलटा न्हाणीघरात येतो. म्हणूनच जर्मनीत अशा घरात ही चिमणी लावायची असल्यास खिडकी उघडी असल्याशिवाय ती सुरूच होणार नाही असा सुरक्षा-स्विच बसवतात, आणि त्यासाठी त्या भागासाठी नेमलेल्या धुराडे-तपासनिसाची, म्हणजे शोर्नश्टाइनफेगरची, संमती घ्यावी लागते.

त्यालाच आता बोलवा. खिडक्या बदलल्यानंतर बॉयलरला पुरेशी हवा मिळते की नाही, याची तपासणी झाली आहे का, हे घरमालकांना लेखी विचारा आणि झाली नसेल तर ती तातडीने करून घ्या. बुरशीची सूचनाही त्याच पत्रात फोटोंसह द्या, कारण घरात दोष दिसल्यास घरमालकाला विनाविलंब कळवणे हे जर्मन कायद्याने भाडेकरूचे कर्तव्य आहे. पत्रात सूर तक्रारीचा ठेवू नका. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये असे म्हटले आहे की, इमारत तिच्या बांधकामाच्या काळातील नियमांनुसार असेल, तर थंड कोपऱ्यांमुळे बुरशीची नुसती शक्यता असणे हा भाड्याच्या घराचा दोष ठरत नाही. त्यामुळे केवळ भिंतीवर बोट ठेवून चालणार नाही. तुम्ही दररोज किती वेळा हवा बदलता आणि तरीही आर्द्रता किती राहते, याची तारीखवार नोंद तुमच्या बाजूने अधिक बोलेल. शहरातील भाडेकरू संघटनेकडून ते पत्र आधी तपासून घ्यावे.

तपासनीस येईपर्यंत जाळी पूर्ण मोकळी ठेवा, तिच्यासमोर कपड्यांची टोपली किंवा पायपुसणेही नको. बाळाची अंघोळ न्हाणीघराऐवजी तापवलेल्या बैठकीच्या खोलीत टबात घाला. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र दुकानात सहज मिळते. एक बॉयलरच्या खोलीत आणि एक शयनगृहात, त्याच्या माहितीपत्रकात सांगितलेल्या उंचीवर लावा. ते वाजले, किंवा घरातील दोघांना एकाच वेळी डोके दुखून मळमळू लागले, तर बाळाला उचलून सर्वांनी आधी घराबाहेर पडावे आणि बाहेरूनच ११२ला फोन करावा.